खरा अशोक वसंतातच ओळखावा

फाल्गुन-चैत्रात आमच्या परसातील अशोक बहरतो. जुन्या फांद्यांवर, क्वचित खोडावरही, दाट गुच्छ येतात. प्रथम पिवळसर नारिंगी, पुढे लाल. या फुलास पाकळ्या नसतात. रंग असतो तो निदलांचा. ‘हेमपुष्प’ हा पर्याय किती सार्थ, हे तेव्हा पटते.

कुंपणाशी आसुपालवही उभा आहे. त्यालाही लोक सर्रास अशोकच म्हणतात. त्याची फुले फिकट हिरवी, चांदणीसारखी. कोवळी पालवी मात्र दोहोंची तांबूस. म्हणून ‘ताम्रपल्लव’ एवढ्याच खुणेवर विसंबू नये. अशोकाचे पान संयुक्त, शेंग चपटी. आसुपालवाचे पान साधे व नागमोडी कडेचे, फळे घोसात.

हा भेद बागेत सोपा, बाजारात अवघड. वाळलेल्या सालीच्या पोत्यात ना फूल असते ना पान, आणि आसुपालवाची साल अशोकाच्या नावे खपते, हे आपण सर्वच जाणतो. असृग्दरात अशोकारिष्टाने गुण आला नाही, तर दोष योगाचा की सालीचा, हे वैद्याने कसे ठरवावे?

आमच्या मते, औषधी निर्मात्यांनी फुलोऱ्यात ओळख पटलेल्या, लागवडीच्या झाडांचीच साल घ्यावी व सूक्ष्मदर्शकीय परीक्षणाविना ती स्वीकारू नये. रानातील अशोक आधीच संकटग्रस्त आहे. वैद्यबंधूंनी व भगिनींनी परसात एक अशोक अवश्य लावावा. जे द्रव्य आपण ओळखत नाही, ते रुग्णास देण्याचा अधिकार आपणास कसा पोहोचतो?