दंडातील गर्भनिरोधक इम्प्लांट: बसवण्याइतकेच काढण्याची सोयही महत्त्वाची

राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात २०२३ पासून दंडात बसवायच्या इम्प्लांटचा समावेश झाला आहे. पहिल्या टप्प्यात १० राज्ये आणि प्रत्येक राज्यातील दोन जिल्हे निवडले गेले. उदाहरणार्थ, बिहारमध्ये पाटणा व भागलपूर आणि कर्नाटकात बेंगळुरू व बीदर. सरकारी केंद्रात ही सेवा मोफत आहे. मात्र इम्प्लांट घेण्याआधी प्रत्येक महिलेने एक प्रश्न विचारायला हवा: हे नको झाले, तर काढून कोण देणार आणि कुठे?

इम्प्लांट म्हणजे काय?

ही काडेपेटीतल्या काडीसारखी, सुमारे ४ सेंटिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, मऊ व लवचिक कांडी असते. दंडाच्या आतल्या बाजूला, त्वचेच्या अगदी खाली ती बसवतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या महिलेला सहसा डाव्या दंडात बसवतात. तेवढ्या भागापुरती भूल देतात. काम काही मिनिटांचे असते आणि टाके लागत नाहीत. कांडीतून थोडे थोडे संप्रेरक शरीरात जाते आणि ३ वर्षे गर्भधारणा टळते. वर्षभरात हजारांतून एखाद्या महिलेलाही क्वचितच गर्भ राहतो, इतके हे साधन खात्रीचे आहे. कांडी काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते.

याची गरज का होती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित महिलांपैकी ३७.९ टक्के महिलांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. तांबी २.१ टक्के आणि इंजेक्शन ०.६ टक्के महिला वापरत होत्या. याचा अर्थ, दोन मुलांत अंतर ठेवायचे असो वा मूल उशिरा हवे असो, लांब मुदतीचे पण परत काढता येणारे साधन फार थोड्यांच्या हाती होते. इम्प्लांट ही उणीव भरून काढू शकते.

काढण्याचा प्रश्न वेगळा का?

गोळ्या तुम्ही स्वतः बंद करू शकता. ‘अंतरा’चा पुढचा डोस घेतला नाही, तर त्याचा परिणाम हळूहळू संपतो. इम्प्लांट मात्र स्वतः काढता येत नाही. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर, भूल आणि निर्जंतुक साहित्य लागते. म्हणून काढण्याची सोय नसेल, तर ‘परत काढता येणारे साधन’ हे शब्द कागदावरच राहतात.

ही भीती जुनी आहे. १९८० च्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ‘नॉरप्लांट’ची चाचणी घेतली, तेव्हा महिला संघटनांनी पुरेशी माहिती देऊन संमती घेतली जाते का आणि नंतर महिलांची विचारपूस होते का, असे प्रश्न उपस्थित केले होते. आता साधन सोपे झाले आहे, एकच कांडी आहे. प्रश्न मात्र तेच आहेत.

आज दोन अडचणी येऊ शकतात. पहिली, ‘तीन वर्षे तरी ठेवा’ असे सांगून परत पाठवणे. साधननिहाय उद्दिष्टे सरकारने १९९६ मध्येच रद्द केली आहेत. त्यामुळे आकडा टिकवण्यासाठी कोणालाही थांबवता येत नाही. दुसरी अडचण स्थलांतराची. निवडलेल्या जिल्ह्यात कांडी बसवून महिला वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा ऊसतोडीला दुसऱ्या राज्यात गेली, तर तिथल्या आरोग्य केंद्रात हे काम शिकलेला डॉक्टर असेलच असे नाही. योजना नव्या जिल्ह्यांत नेताना किती कांड्या बसवल्या याच्या जोडीने, काढून मागणाऱ्या किती महिलांचे काम त्याच भेटीत झाले, हेही मोजले गेले पाहिजे.

बसवण्याआधी हे सांगा आणि विचारा

• क्षयरोगाचे रिफाम्पिसिन, फिट्सची काही औषधे किंवा एचआयव्हीची काही औषधे चालू असतील तर सांगा. त्यांनी इम्प्लांटचा परिणाम कमी होतो.
• स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी तपासणी करून घ्या.
• पाळी अनियमित होऊ शकते, मध्येच डाग दिसू शकतात किंवा पाळी बंदही होऊ शकते. बहुतेक वेळा हे धोक्याचे नसते, पण त्रास होत असेल तर उपचार मागा.
• पाळीच्या पहिल्या ५ दिवसांनंतर कांडी बसवली, तर पुढचे ७ दिवस निरोध वापरावा लागतो.
• इम्प्लांटने एचआयव्ही किंवा इतर लैंगिक संसर्ग टळत नाहीत.
• संमती तुमची स्वतःची लागते. पतीची सही ही अट नाही.

बसवल्यावर कांडी बोटाने चाचपून पाहा. बसवल्याची तारीख, काढण्याची तारीख आणि कोणता दंड, हे लिहिलेले कार्ड मागून घ्या. मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. गाव सोडताना कार्ड सोबत न्या.

काढायचे असेल तेव्हा

३ वर्षांपूर्वी केव्हाही काढून मागता येते. मूल हवे आहे, त्रास होतो किंवा नुसते नको आहे, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे आहे. आधी जिथे बसवले तिथे जा. दूर असाल तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील प्रसूती विभागात कार्ड दाखवा. तिथे सोय नसेल, तर कुठे जायचे याची लेखी चिठ्ठी मागा. कुटुंब नियोजनाच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १८००-११-६५५५ या क्रमांकावर, विनाशुल्क विचारता येते.

कांडी हाताला लागत नसेल तर घाबरू नका. एक्स-रे किंवा सोनोग्राफीने जागा शोधता येते. जागा कळल्याशिवाय कोणालाही चीर देऊ देऊ नका. बोगस डॉक्टरकडे किंवा घरी काढण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. मुदत संपून गेली असेल तर घाई-गडबडीचे कारण नाही, पण संरक्षण चालू आहे असे धरू नका. काढेपर्यंत दुसरे साधन वापरा. पुढेही इम्प्लांटच हवे असेल, तर जुनी काढून त्याच भेटीत नवी बसवता येते.

इम्प्लांट घ्यावे की नाही, हा निर्णय तुमचा आहे. आशाताई किंवा परिचारिका माहिती देतील, तेव्हा बसवण्याच्या दिवसासोबत काढण्याचे ठिकाणही विचारून कार्डावर लिहून घ्या.