चिन्हांचं पान फाडा!

आमच्या खान्देशात मी इंजिनिअरिंग केलं तेव्हा जर्नलमध्ये एक पान असायचं, ‘इलेक्ट्रॉनिक घटकांची चिन्हे’. पट्टी-पेन्सिलीने काढायची, सही घ्यायची आणि व्हायवाला ओकायची. झालो इंजिनिअर! माझं स्पष्ट मत आहे, ते पान फाडून टाकावं.

कारण रेझिस्टर म्हणजे नागमोडी रेघ, एवढंच त्यातून डोक्यात बसतं. आयईसी ६०६१७ मध्ये तोच रेझिस्टर साधा आयत असतो. बरं, रिलेची कॉइलही आयतच! फरक इतकाच की रेझिस्टरच्या तारा अरुंद टोकांतून निघतात, कॉइलच्या लांब बाजूंच्या मधून. अमेरिकी लॅडर डायग्राममध्ये एरवी उघडा असणारा कॉन्टॅक्ट म्हणजे दोन उभ्या रेघा, हुबेहूब कपॅसिटर. आता करा पाठ.

रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात मोटारीचा स्टार्टर खोलणारा वायरमन घ्या. पदवी नाही, पण ए१-ए२ दिसलं की कॉइल, हे त्याला कळतं. आकड्याच्या शेवटी ३-४ असेल तर कॉन्टॅक्ट एरवी उघडा, १-२ असेल तर बंद. ९५-९६ म्हणजे ओव्हरलोड. आणि १३-१४ स्टार्टच्या बटणाला समांतर जोडलाय, म्हणजे बटण सोडल्यावरही मोटार चालू ठेवणारा तोच. कपॅसिटर तिथे कशाला मरायला येईल?

एसएमपीएसचंही तेच. आयतावर तिरकी रेघ दिसली, तर ती कुठे बसलीय ते बघा ना राव. फ्यूजनंतर सिरीजमध्ये असेल तर बहुतेक एनटीसी, सुरुवातीचा करंटचा झटका अडवणारा. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असेल तर व्हॅरिस्टर. यांची अदलाबदल केलीत, तर २३० व्होल्ट तुमची व्हायवा घेतील :)

आता म्हणे फोटो काढला की एआय सांगतं. सांगेल की! पण नेमकं चिन्हच कापून पाठवलंत, तर शेजारचं अक्षर, आकडा, जोडणी सगळं गेलं. मग तेही बिचारं आपल्यासारखंच अंदाज मारणार.

‘पण सिलॅबसमध्ये आहे ना,’ हे ठरलेलं उत्तर. असू द्या की. जळगाव काय, धुळे काय, प्रश्न तरी बदला. अर्धा डायग्राम द्या, त्यात पोरांनी कधी न पाहिलेलं एक चिन्ह टाका आणि विचारा, हे इथे काय करतंय आणि कशावरून? नाव चुकलं आणि कारण बरोबर असलं, तरी निम्मे मार्क द्या.