पोटरीतली फडफड

आमच्याकडे कुणाचा डोळा लवला की अम्मी आधी विचारायची, उजवा की डावा? पुरुषाचा उजवा शुभ, बाईचा डावा. हा शकुन मोहल्ल्यातल्या हिंदू-मुसलमान सगळ्याच घरांत होता. पोटरी उडू लागली तर त्याचा अर्थ काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझी पोटरी उडू लागली. ईशाची नमाज पढून अंथरुणावर पडलो की कातडीखाली काहीतरी वळवळायचं. मग दंड, मग पापणी, मग तळपाय. मोबाइलवर शोधलं आणि तिथेच फसलो. समोर आलं मोटर न्यूरॉनच्या आजाराचं नाव, ज्यात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी टाचांवर आणि चवड्यांवर चालून पाहू लागलो, आरशात जीभ न्याहाळू लागलो. सजद्यातून उठतानाही लक्ष मांडीकडे. जितकं पाहावं तितकं उडायचं.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हातापायांची ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, सुई टोचून ईएमजी केला. सगळं ठीक होतं. मग विचारलं, चहा किती? झोप किती? काही टेन्शन? त्या वर्षी नोकरीवर टांगती तलवार होती. तरी मी म्हणालो, "टेन्शन कसलं, अल्लाहचा करम आहे."

हे उत्तर आपल्याकडे पाठच असतं. घाबरलोय म्हटलं की लोक म्हणतात, इमान कमजोर झालं. म्हणून आपण नसांची तपासणी हजारो रुपये देऊन करून घेतो, पण भीतीचा उल्लेख फुकटातही करत नाही. दुआ मीही करतो, करत राहीन. पण पाय मोडल्यावर प्लास्टर घालणाऱ्याचं इमान कुणी मोजत नाही, मग भीतीवर इलाज घेणाऱ्याचंच का मोजायचं? हजार वर्षांहून आधी, ९३४ साली वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. वैद्य शरीराचंच पाहतात आणि मनाचे आजार सोडून देतात, ही त्यांची तक्रार होती. बिचाऱ्या वैद्यांचं जाऊ द्या, इथे रुग्णच लपवतोय.

भीतीने अ‍ॅड्रेनालीन वाढतं, स्नायू ताणलेले राहतात, नसा चटकन चाळवतात. त्यात कमी झोप आणि कडक चहा. उडलेल्या स्नायूने पुन्हा भीती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा निरुपद्रवी फडफडीच्या १२१ रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. १९९३ मध्ये ते काम छापून आलं. त्यांच्यातल्या एकालाही तो भयंकर आजार झाला नव्हता. हातातून वस्तू निसटू लागली, पाय अडखळू लागला, स्नायू बारीक होत चालला, बोलताना वा गिळताना अडचण आली, तर गोष्ट वेगळी; तेव्हा डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

दुसऱ्या खेपेला मी नोकरीचं सांगितलं. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं. घरी फक्त बायकोला माहीत होतं. अम्मीला अजूनही वाटतं, मी पायाच्या मालिशला जात होतो. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मी भावाला दिला, तर त्याने तो 'प्लंबर' नावाने सेव्ह केला.

चहा आता तीन कपांवर आलाय. पोटरी अधूनमधून उडते. काल रात्रीही उडली, आणि मी कूस बदलून झोपलो.