सीओडीचा दाखला कशासाठी?

सौर उत्प्रेरण संयंत्राच्या एका ताज्या निविदेची प्रत या महिन्यात तिघा वाचकांनी आमच्याकडे धाडली. तिघांची तक्रार एकच. औद्योगिक वसाहतीलगतच्या बोअरच्या पाण्यातून ट्रायक्लोरोएथिलीन काढायचे आहे, आणि काम झाल्याचा पुरावा म्हणून मागितला आहे सीओडीत 80 टक्के घट झाल्याचा दाखला!

लिटरला 100 मायक्रोग्रॅम ट्रायक्लोरोएथिलीन म्हणजे हिशेबाने जेमतेम 0.04 मिलिग्रॅम सीओडी. नेहमीची डायक्रोमेट पद्धत 50 मिलिग्रॅमच्या खाली भरवशाची नाही. जे मोजताच येत नाही, त्यात घट दाखवायची कशी? सांडपाण्याच्या निविदेतली अट उचलून भूजलाला चिकटवली आहे, हे उघड दिसते. एका वाचकाने दुरुस्ती सुचवली, तर ‘नमुना मंजूर आहे, बदल होणार नाही’ असे उत्तर आले. या आडमुठेपणाची किंमत ते पाणी पिणारी माणसे मोजतील. खोटा दाखला जोडणाऱ्याला काम मिळेल आणि प्रामाणिक माणूस बाहेर राहील. मूळ संयुग जीसीवर मोजा, डायक्लोरोॲसिटिक आम्लासारखी मधली संयुगे उरली का ते तपासा. एवढेच लिहायला हवे होते.

मात्र आपले घरही तपासायला हवे. आमच्याकडे येणारे बहुतेक निबंध मिथिलीन ब्लूचे, तेही डिस्टिल्ड वॉटरमध्ये, यूव्ही दिव्याखाली. हा रंग स्वतःच प्रकाश शोषतो. तो उडाला म्हणजे रेणू पुरता मोडला असे होत नाही. टीओसी कुणी देत नाही. नव्वदच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत खऱ्या भूजलावर, खऱ्या उन्हात टायटॅनियम डायऑक्साइडची चाचणी झाली, तेव्हाच बायकार्बोनेट आडवे आले होते. पीएच उतरवल्यावर क्रिया सुधारली. आपल्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात बायकार्बोनेट 300 मिलिग्रॅमच्या वर सहज जाते. त्या पाण्यात बरीचशी हायड्रॉक्सिल मूलके प्रदूषकापर्यंत पोचण्याआधीच संपतात. तरी निबंधांत क्षारतेचा रकाना कोरा! आणि काही सभासद हेच संयंत्र फ्लोराइडसाठी विकतात. फ्लोराइडचे ऑक्सिडेशन होत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. हे थांबलेच पाहिजे.

पुढील अंकापासून क्षारता आणि टीओसी नसलेला निबंध आम्ही छापणार नाही. बोअरच्या पाण्यावर, उन्हात केलेले प्रयोग पाठवा. फसलेले असतील तर आधी पाठवा. आणि अशी निविदा हाती आली, तर मुदतीआत लेखी हरकत नोंदवा व तिची प्रत आम्हाला द्या. सगळ्या हरकती एकत्र करून आम्ही स्वतः निविदा काढणाऱ्या कार्यालयात नेऊन देऊ.