अरुंद घळीतला उजेड

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात पेज गावाजवळची अँटिलोप कॅन्यन ही नावाहो लोकांच्या भूमीतली अरुंद घळ आहे. पावसाच्या लोंढ्यांनी वाळूसकट घासून तांबडा वालुकाश्म कोरला आणि लाटांसारख्या या भिंती तयार झाल्या. उन्हाळ्यात भर दुपारी तिच्या वरच्या आणि खालच्या भागांपैकी वरच्या घळीच्या फटीतून उन्हाची तिरीप थेट तळाशी उतरते. एरवी छायाचित्रकार टाळतात ती वेळ इथे सर्वांत मोलाची. पण गर्दी तिरिपेमागे धावत असली, तरी इथले खरे वैभव भिंतींवरून परतणाऱ्या उजेडाचे: वर पिवळा, मध्ये केशरी, तळाच्या सावलीत जांभळट. आकाशाचा तुकडा चौकटीत आला की पांढराफटक पडतो, तो वगळावा. वरून बारीक वाळू झिरपत असते, म्हणून आत लेन्स बदलू नये.

वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, आणि हा नियम योग्यच आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्या घळीत शिरला आणि ११ पर्यटकांचा जीव गेला. डोक्यावर आकाश निरभ्र असले, तरी वाटाड्याने परत फिरा म्हणताच कॅमेरा आवरून बाहेर पडावे.