काठ बदला, पण कारण सांगा

समाजबांधवांनो, २००७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत शिवसेना रालोआत होती. तरीही भैरोंसिंह शेखावतांऐवजी तिने संपुआच्या प्रतिभाताई पाटलांना मते दिली. मराठी व्यक्ती राष्ट्रपती व्हावी, हे कारण तिने उघड सांगितले. आपल्यालाही आनंद झाला. २०१२ मध्ये तिने प्रणव मुखर्जींना पाठिंबा दिला, तेव्हा मात्र मराठीपणाचा प्रश्न नव्हता.

या निवडणुकीत व्हिप चालत नाही आणि मतदान गुप्त असते. गोटमारीत जांब नदीच्या कोणत्या काठावर कोण, हे साऱ्यांना दिसते. आमदाराचे मत दिसत नाही. काठ बदलणे गुन्हा नव्हे. पण व्हाउचरशिवाय नोंद होत नसते. पांढुर्णा-सौंसरच्या आमदारांना प्रत्येक वेळी कारण विचारा. मत त्यांचे असले, तरी मूळ ठेव आपली आहे.