चकाचक की काळंसावळं?

चाकू विकत घेताना आपण काय बघतो? धार. मग मूठ. मग किंमत. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी बघतो चमक, फक्त तसं कबूल करत नाही. ऑनसाइटहून परतलेला सहकारी डेस्कवर लाल मुठीचा स्विस चाकू काढतो, नखाने पातं उघडतो, त्यात ट्यूबलाइट लकाकते आणि आजूबाजूच्या चार खुर्च्या गर्रकन वळतात. पण बॉस, ही चमक नुसता मेकअप नाही. तुम्ही तो चाकू रोज वापरणार की ड्रॉवरमध्ये जपून ठेवणार, हे बऱ्याचदा पात्याचं फिनिशच ठरवून टाकतं.

म्हणून आज विषय खिशातल्या घडीच्या चाकूंचा. सफरचंद कापायला, पार्सलची टेप फाडायला, पेन्सिलला टोक काढायला असलेले साधे, जुन्या वळणाचे चाकू.

चमक येते कुठून?

घासणीच्या चाकावरून निघालेलं पातं खरबरीत असतं. त्यावर चाकाच्या रेघा स्पष्ट दिसतात. काही चाकू मुद्दाम असेच विकले जातात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डमध्ये केस ही कंपनी आहे, १८८९ पासूनची. तिच्या पिवळ्या मुठीच्या काही चाकूंचं पातं असंच मिळतं. नखरे नाहीत, सरळ कामाला जुंपायचं.

त्यापुढची पायरी म्हणजे ग्लेझ्ड फिनिश. बारीक एमरी लावलेल्या चाकावर पातं फिरवलं की एकसारख्या नाजूक रेघा उरतात आणि एक मंद, रेशमी लकाकी येते. सगळ्यात वरची पायरी क्रोकस पॉलिशची. चामडं चढवलेलं चाक, त्यावर अगदी बारीक आयर्न ऑक्साइडची पूड, की पात्याचा झाला आरसा. गंमत बघा, आयर्न ऑक्साइड म्हणजे गंजाचाच चुलतभाऊ. तोच इथे लोखंडाला फेशियल करून देतो!

प्रत्येक पायरीला कारागिराचा वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसा. म्हणून जुन्या अमेरिकन कॅटलॉगांमध्ये एक मजेशीर तडजोड दिसते: मोठं पातं क्रोकस पॉलिशचं, बाकीची छोटी पाती ग्लेझ्ड. पाहुण्यांना हॉल दाखवायचा, बेडरूमचं दार लोटून घ्यायचं, त्यातलाच प्रकार.

आरशाचा फायदा, आरशाचा ताप

आरशासारख्या पात्याचा खरा फायदा म्हणजे त्यावर पाणी आणि रस अडकायला खाचा फारशा नसतात. त्यामुळे गंज धरायला वेळ लागतो. तोटा? पहिला ओरखडा लांबून दिसतो. नव्या कारला पार्किंगमध्ये कुणी घासून गेल्यावर जे होतं ना, अगदी तेच. रेघांच्या फिनिशवर दहा ओरखडे पडले तरी ते गर्दीत मिसळून जातात, मात्र ओलं पातं पुसण्याचा आळस तिथे चालत नाही.

अर्थात, फिनिशच्या खाली स्टील कुठलं आहे हेही बघायलाच हवं. १८८४ मध्ये कार्ल एल्सेनर यांनी सुरू केलेल्या व्हिक्टोरिनॉक्सच्या नावातलं 'इनॉक्स' म्हणजे स्टेनलेस. १९२१ मध्ये ते नावात आलं. अशा स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, म्हणून चमक टिकते. फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला ओपिनेल १८९० पासूनचा. त्यात मात्र चॉइस आहे: स्टेनलेस घ्या किंवा कार्बन स्टील.

कार्बन स्टील घेतलंत तर दुकानातली चमक विसरा. लिंबू, सफरचंद, कांदा, जे कापाल त्याची नोंद पात्यावर होते. आधी राखाडी, मग निळसर, मग काळपट. घरातल्या जुन्या लोखंडी विळीने कैरी चिरली की पातं काळं पडतं, त्यातलीच ही केमिस्ट्री. तिकडे याला पॅटिना म्हणतात आणि लोक त्यावर फिदा असतात. त्यात तथ्यही आहे, कारण हा घट्ट बसलेला थर पुढचा लाल गंज थोडा रोखून धरतो. ओळखायचं कसं? पॅटिना बोटाला लागत नाही. बोट नारिंगी झालं तर तो गंज. तेल आणि बारीक स्टील वूल घेऊन लगेच काढा.

आजोबांचा चाकू आणि कोपऱ्यावरचं बफिंग

आता मुद्द्याचं. घर आवरताना आजोबांचा जुना चाकू सापडतो. काळा, डागाळलेला. आपल्याला पहिला मोह होतो तो 'मस्त पॉलिश करून घेऊ'. पाच मिनिटांचं काम, चाकू नवाकोरा!

थांबा. वेगात फिरणारं बफिंगचं चाक डागांबरोबर पात्याच्या बुडाशी कोरलेला कंपनीचा शिक्काही पुसून टाकतं. धारेकडची बाजू पातळ, ती झटकन तापते. तिथे निळसर झाक आली की समजा, पात्याचं पाणी उतरलं. मग कितीही धार लावा, टिकणार नाही. संग्राहकही असा 'नवा' झालेला जुना चाकू बघून नाक मुरडतात आणि किंमत पाडतात.

पैशांचं सोडा. वर्षानुवर्षं सहाणेवर घासून अरुंद झालेलं ते पातं नीट बघा. कुठल्या बाजूला जास्त झिजलंय, त्यावरून धार लावणाऱ्या हाताची सवय कळते. आजोबांचं अक्षर असलेली वही आपण व्हाइटनर लावून स्वच्छ करतो का? मग हे का?

त्यापेक्षा मऊ फडक्याने पुसा, सांध्यात अडकलेली घाण काडीने काढा आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब पात्यावर फिरवा. बस्स.

थोडक्यात काय...

* विसराळू असाल तर स्टेनलेस, गुळगुळीत पॉलिशचं.
* रोज वापरायचा आहे आणि ओरखड्यांचं टेन्शन नको? ग्लेझ्ड किंवा रेघांचं फिनिश.
* पुसायची सवय आहे आणि वस्तू आपल्यासोबत म्हातारी होताना बघायला आवडतं? कार्बन स्टील.
* वारशात मिळाला असेल तर फडकं, तेल आणि संयम.

आणि हो, सोमवारी पहाटेची फ्लाइट असेल तर तो आत्ताच लॅपटॉप बॅगेतून काढून चेक-इन बॅगेत टाका. सिक्युरिटीवाल्यांना तुमच्या पॅटिनाचं काही कौतुक नसतं!